लोअर बर्थवरचा महाराष्ट्र

कात्रजला तलाव आहे, दुधाची डेअरी आहे, पेशवे पार्कातून हललेलं प्राणिसंग्रहालय आहे, जुना बोगदा आहे, नवा बोगदा आहे आणि चौकात वाहतुकीची कोंडी तर अखंड आहे. नाही ती फक्त रेल्वे. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचं पाणी भुयारी नळानं थेट शनिवारवाड्यापर्यंत नेलं. कात्रजहून पुण्यात कुठेही न अडकता पोहोचलेलं असं ते बहुधा शेवटचंच. ऑगस्ट 2024 मध्ये स्वारगेट ते कात्रज मेट्रोला केंद्राची मंजुरी मिळाली, तीही भुयारीच. जमिनीवरून जाता येईल ही आशा पेशव्यांनीही धरली नव्हती आणि सरकारही धरत नाही.

आगगाडीनं तर कात्रजला कायमच वळसा घातला. साताऱ्या-कोल्हापूरकडे जाणारा लोहमार्ग कात्रजच्या डोंगराच्या वाटेला न जाता फुरसुंगी, शिंदवणे घाट, जेजुरी, नीरा, लोणंद अशी प्रदक्षिणा घालत जातो. त्यामुळे रस्त्यानं सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरवर असलेलं कोल्हापूर रेल्वेनं सव्वातीनशेच्या घरात जातं. साहजिकच कात्रजकर दक्षिणेला निघाला की चौकात उभा राहतो आणि ‘सातारा, कराड, कोल्हापूर’ अशी आरोळी येईल त्या गाडीत चढतो. या प्रवासात ओळखी होत नाहीत. एसटीत शेजारचा माणूस खंबाटकी घाटाच्या आत झोपतो आणि ट्रॅव्हल्सच्या स्लीपर गाडीत पडदा ओढला की शेजारी आहे की नाही, हे घोरण्यावरूनच समजतं.

कात्रजकराला खरा सहप्रवासी भेटतो तो पूर्वेला जाताना. त्यासाठी त्याला आधी दहा-अकरा किलोमीटरचा एक वेगळा प्रवास करून पुणे स्टेशन गाठावं लागतं. हा टप्पा पार पडला की पुढचे नऊशे किलोमीटर किरकोळ वाटतात.

पूर्वेला जाणाऱ्या गाड्या पुष्कळ आहेत, पण माणसं पाहायची तर कोल्हापूर-गोंदिया महाराष्ट्र एक्स्प्रेससारखी गाडी नाही. तेराशे किलोमीटरहून जास्त धावते आणि एवढं धावूनही राज्याची हद्द ओलांडत नाही. एकाच राज्याच्या आत इतकं लांब जाणारी गाडी म्हणून तिचं नाव घेतलं जातं. कोल्हापूर, मिरज, सांगली, सातारा, पुणे, अहिल्यानगर, मनमाड, जळगाव, भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा, नागपूर, गोंदिया. दुपारी कोल्हापुरात तांबडा-पांढरा रस्सा ओरपून बसलेला माणूस दुसऱ्या दिवशी धानाच्या शेतांपाशी उतरतो. मधल्या वेळात डब्यातली मराठी चार-पाच वेळा बदललेली असते आणि माणसं त्याहून जास्त वेळा.

ही गाडी पुण्यात येते ती रात्री, आणि तिथेच पहिला पेच उभा राहतो. रेल्वेच्या 2017 च्या परिपत्रकानुसार झोपायची वेळ रात्री 10 ते सकाळी 6. एरवी खालच्या बर्थवर सगळ्यांनी बसायचं. पण हे परिपत्रक कोल्हापूरच्या मंडळींना लोणंदच्या आसपासच अमान्य झालेलं असतं. कात्रजकर बॅगा घेऊन डब्यात शिरतो तेव्हा त्याच्या लोअर बर्थवर एक पैलवानी देह भिंतीकडे तोंड करून निजलेला असतो. कात्रजकर आधी खाकरतो, मग बर्थचा नंबर मोठ्यानं वाचतो, मग तिकीट काढून स्वतःलाच दाखवतो. पुणेरी निषेधाच्या या तिन्ही पायऱ्या वाया गेल्यावर तो हलकेच खांद्याला हात लावतो.

‘‘काय झालं पाव्हणं?’’

‘‘हा बर्थ माझा आहे.’’

‘‘मग घ्या की. आम्ही काय घरी नेतोय व्हय?’’

एवढं बोलून पैलवान उठतो, वरच्या बर्थवर एका उडीत पोहोचतो आणि तिथून खाली विचारतो, ‘‘जेवण झालंय का? भाकरी-ठेचा हाय बरं का.’’ भांडणाची पूर्ण तयारी करून आलेल्या माणसाची यापेक्षा मोठी निराशा दुसरी नाही.

लोअर बर्थ हे या गाडीतलं चलन आहे. ज्यांना स्लीपरचं गणित पाठ आहे, ते तिकिटावरचा आकडा आठने भागतात. बाकी 1 किंवा 4 उरली तर लोअर, 2 किंवा 5 उरली तर मिडल, 3 किंवा 6 ला अप्पर, 7 ला साइड लोअर. भाग पूर्ण गेला तर साइड अप्पर, म्हणजे पाय दुमडून नागपूर. साठीपुढचे पुरुष आणि पंचेचाळिशीपुढच्या स्त्रिया यांना लोअर बर्थ आपोआप देण्याची सोय संगणकात केलेली आहे. तरीही शिल्लक नसले की सत्तरीच्या आजींना मिडल मिळतो आणि समोर पंचविशीचा पोरगा लोअरवर लोळत पडलेला असतो. मग संगणकानं केलेली वाटणी माणसं पुन्हा करतात.

‘‘लेकरा, माझ्या गुडघ्याचं आप्रेशन झालंय. वर कशी चढू सांग?’’ असं साताऱ्याच्या आजींनी म्हटलं की पन्नाशीतल्या ‘लेकरा’ला उठावंच लागतं. कात्रजकर आजींच्या मिडलवर जातो. तेवढ्यात पलीकडच्या कप्प्यातले एक गृहस्थ येतात. त्यांची फॅमिली एका ठिकाणी नाही, तेव्हा मिडलच्या बदल्यात अप्पर चालेल का? चालेल. अप्परवर पोहोचल्यावर कळतं की या अप्परच्या मालकानंही मघाशी कुणाला तरी साइड अप्पर देऊ केला होता आणि तो व्यवहार आता कात्रजकराच्या नावावर चढला आहे. अशा प्रकारे 60 दिवस आधी सकाळी 8 वाजता मोबाइलवर अंगठा आपटून मिळवलेला लोअर बर्थ दौंड यायच्या आत शेजारच्या कप्प्यातला साइड अप्पर होतो. पहाटे आजी त्या दुखऱ्या गुडघ्यासकट डबाभर फिरून सगळ्यांना प्रसादाचा पेढा वाटतात.

आणि मग कुणीतरी विचारतं, ‘‘तुम्ही राहायला कुठं?’’

‘‘कात्रजला.’’

‘‘म्हणजे घाट दाखवणारे!’’ सगळा कप्पा हसतो. एप्रिल 1663 मध्ये लाल महालात शाहिस्तेखानाची बोटं छाटल्यावर शिवाजी महाराजांच्या माणसांनी कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पलिते बांधून बैल उधळले, मोगल फौज त्या उजेडामागे धावली आणि महाराज सिंहगडाकडे निघून गेले, अशी आख्यायिका आहे. तेव्हापासून कुणी फसवलं की ‘कात्रजचा घाट दाखवला’ म्हणायची पद्धत पडली. ज्याला नुकताच आख्ख्या कप्प्यानं घाट दाखवला आहे, त्या माणसाला हा विनोद जरा बोचतो. पण तो हसतो. साइड अप्परवर बसून रागावताही येत नाही, डोकं छताला लागतं.

दौंड हा एके काळी सहप्रवाशांच्या ओळखीचा मोठा आधार होता. तिथे मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांचं इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावत, आणि गाडी आल्या दिशेनंच निघाल्यासारखी वाटे. नवखा प्रवासी घाबरून जागा होई, ‘‘अहो, पुन्हा पुण्याला निघाली की!’’ म्हणून शेजाऱ्याला हलवी, आणि शेजारी त्याला इंजिनाचा इतिहास सांगत बसे. आता कॉर्ड लाइन झाल्यानं बऱ्याच गाड्यांची ही उठाठेव वाचली. रेल्वेचा वेळ वाचला, एक हुकमी विषय मात्र गेला.

सकाळी भुसावळच्या आसपास मिडल बर्थ खाली पाडले जातात आणि अधिवेशन सुरू होतं. प्रश्नांचा क्रम ठरलेला असतो. कुठे उतरणार, मूळ गाव कोणतं, काय करता, घर स्वतःचं की भाड्याचं, मुलं किती, मुलगा कुठल्या कंपनीत. पगार थेट विचारत नाहीत. ‘‘आयटीत म्हणजे चांगलंच असेल’’ असं म्हणून थांबतात आणि समोरच्याच्या चेहऱ्यावरून आकडा काढतात. जातही थेट विचारत नाहीत. ‘‘आडनाव काय म्हणालात?’’ असं विचारतात, वास्तविक समोरच्यानं काहीच म्हटलेलं नसतं. आडनावानं उलगडा झाला नाही तर ‘‘तुमचं कुलदैवत कुठलं?’’ हा पुढचा प्रश्न. जेजुरी हे उत्तर आलं की विचारणाऱ्याची पंचाईत होते, कारण खंडोबा निम्म्या महाराष्ट्राचा आहे.

1853 साली बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली, त्यानंतर बराच काळ एका बाकावर भलत्याच माणसाशेजारी बसायचं कसं, याची सोवळ्या मंडळींना भारी काळजी होती. तिकिटाच्या पैशांत शेजारी निवडायची सोय रेल्वेनं तेव्हाही दिली नाही. आज एका कप्प्यात आठ माणसं बसतात, एकमेकांचं आडनाव चाचपतात, आणि दहा मिनिटांनी त्यातल्याच कुणाच्या तरी डब्यातली शेंगदाण्याची चटणी बोटानं चाटतात. चौकशी जशीच्या तशी राहिली. विटाळाची बाजू भुकेपुढे टिकली नाही.

खाण्याच्या बाबतीत या गाडीत प्रत्येक जिल्हा आपली बाजू लढवत असतो. सांगलीचं भडंग, साताऱ्याचे कंदी पेढे, पुण्याची बाकरवडी हे सगळं बॅगेतून निघतं. जळगावच्या पट्ट्यात खिडकीशी केळी येतात. पुणेकर आपला डबा उघडताना ‘‘घेणार का?’’ असं विचारतो. त्यात ‘नको’ म्हणायला पुरेशी जागा ठेवलेली असते. कोल्हापूरकर विचारत नाही, भाकरी हातावर ठेवतो. वऱ्हाडातला माणूस हातावर ठेवून वर रागावतोही, ‘‘एवढंसंच काहून घेतलं? जेवत नाही का घरी?’’

शेगाव आलं की मात्र सगळे पक्षभेद मिटतात. अर्धा डबा गजानन महाराजांच्या दर्शनाला उतरतो आणि उरलेला अर्धा कचोरीसाठी फलाटावर. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मांनी 1950 च्या सुमारास शेगाव स्टेशनवर कचोरी विकायला सुरुवात केली, आणि वऱ्हाडातल्या या संतनगरीची दुसरी ओळख पंजाब्याच्या हातून तयार झाली. गाडी थांबते दोन-तीन मिनिटं. तेवढ्यात अख्ख्या कप्प्याची ऑर्डर घेऊन एक जण धावतो. त्याला पैसे कुणी दिले आणि कुणाचे राहिले, या हिशेबावर अकोल्यापर्यंतचा वेळ उत्तम जातो. गाडी सुटताना तो दारात दिसला नाही तर बायका साखळी ओढायची भाषा करतात. विनाकारण साखळी ओढली तर रेल्वे कायद्याच्या कलम 141 खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा 1,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कचोरी हे पुरेसं कारण आहे की नाही, याबाबत कायदा गप्प आहे.

गाडी पुढे सरकते तसा कात्रजकराचा पत्ता बदलू लागतो. पुण्यात त्याला पुणेकर म्हणायला कुणी तयार नसतं. कात्रज महापालिकेत येऊन पाव शतक उलटलं, तरी सदाशिव पेठेतल्या माणसाच्या मते स्वारगेट संपलं की सातारा जिल्हा. मनमाडला तो ‘पुण्याचे काका’ होतो. भुसावळला ‘तुम्ही पुणेवाले’. बडनेऱ्याला अमरावतीची मंडळी चढली की बढती मिळून तो थेट ‘पश्चिम महाराष्ट्र’ होतो. इथून पुढे तो कात्रजचा एक साधा मनुष्य राहत नाही. ऊस, सहकार, धरणं आणि सगळे माजी मुख्यमंत्री यांच्या वतीनं त्याला उत्तरं द्यावी लागतात.

‘‘कोराडीले, चंद्रपूरले कोयसा आम्ही जाळाचा, आन् पंखे तुमचे फिराचे!’’

कात्रजकर वर पाहतो. डब्यातला पंखा फिरत नसतो, पण ते सांगण्याची ही वेळ नव्हे. समोरचा मुद्दा खोटाही नाही. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राची क्षमता 2,920 मेगावॉट आहे आणि तिथल्या विजेवर दूरदूरचे जिल्हे उजळतात. 1953 च्या नागपूर करारापासून दिलेल्या शब्दांची यादी गृहस्थांना तारखांसह पाठ असते. कात्रजकराला त्या कराराबद्दल एवढंच आठवतं, की त्यामुळे डिसेंबरात आमदार संत्री खायला नागपूरला जातात. विकासाच्या अनुशेषाचा मोठा हिशेब 1984 साली दांडेकर समितीनं मांडला. तिचे अध्यक्ष अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर पुण्याच्या गोखले संस्थेतले होते, हे कात्रजकर बचावात सांगून पाहतो. ‘‘म्हंजे घेनारेबी तुम्हीच आन् मोजनारेबी तुम्हीच!’’ या उत्तरानंतर तो आणखी बचाव करत नाही.

आवाज इतके चढतात की कात्रजकराला मारामारीची धास्ती वाटते. त्याला धीर देतो तो वरच्या बर्थवरचा विद्यार्थी. कात्रज-धनकवडीच्या टेकडीवरच्या भारती विद्यापीठात आणि आसपासच्या कॉलेजांत शिकायला विदर्भातून पोरं येतात आणि आंबेगावापर्यंतच्या खोल्यांत, मेसच्या डाळीवर, चार-पाच वर्षं काढतात. त्यांना दोन्हीकडची भाषा येते. ‘‘काका, घाबरू नका. ते भांडून नाही राहिले, बोलूनच राहिले.’’ हाच मुलगा नंतर त्या गृहस्थांना समजावतो, की पुण्याचा माणूस ‘बघू’ म्हणाला तर ते ‘नाही’ असतं, त्यानं मनाला लावून घेऊ नये. राज्याच्या एकात्मतेसाठी कुठल्या आयोगानं केलं नसेल एवढं काम हा पोरगा वेटिंगच्या तिकिटावर करत असतो. बोलता बोलता कळतं की त्याची खोली कात्रजकराच्या सोसायटीच्या मागच्याच गल्लीत आहे. दोघांनी तीन वर्षं एकाच टपरीवर चहा घेतलेला असतो. ओळख व्हायला त्यांना बडनेऱ्याच्या पुढे यावं लागलं.

वर्धा येतं तेव्हा वाद थकलेला असतो. सेवाग्राम जवळ आल्याची आठवण एखादे निवृत्त शिक्षक करून देतात आणि गांधीजी तिसऱ्या वर्गानं प्रवास करत, हेही सांगतात. गांधीजींनी 1917 साली तिसऱ्या वर्गाच्या प्रवासावर एक निबंध लिहिला. मुंबई-मद्रास प्रवासात 22 जणांसाठीच्या डब्यात माणसं कशी कोंबली होती, घाण किती होती, हे सगळं त्यात नोंदवलेलं आहे, आणि प्रवाशांच्या सवयींवरही त्यांनी पांघरूण घातलेलं नाही. शिक्षक हे सांगत असताना कप्प्यातली मंडळी गंभीरपणे माना डोलावतात आणि केळ्यांची सालं बाकाखाली सरकवतात.

नागपूरला भराभर नंबर घेतले जातात. ‘गाडीवाले काका’, ‘शेगाव कचोरी’, ‘पुणे ट्रेन’ अशा नावांनी ते मोबाइलमध्ये शिरतात आणि महिन्याभरानं हा कोण, हे कुणालाच सांगता येत नाही. यातला एखादाच फोन खरोखर येतो. तो मुलीच्या स्थळासाठी किंवा पुण्यात मुलाला खोली पाहून द्या म्हणून. दोन्ही कामं कात्रजकर करतो. स्थळाचं जुळतंच असं नाही, खोलीचं मात्र नक्की जुळतं, कारण कात्रजमध्ये कोंडीखालोखाल विपुल असं काही असेल तर त्या भाड्याच्या खोल्याच.

आता या साऱ्याला पर्याय आला आहे. ऑगस्ट 2025 पासून पुणे आणि नागपूरजवळचं अजनी यांच्यामध्ये वंदे भारत धावू लागली. 881 किलोमीटर, बारा तासांच्या आसपास. गाडी स्वच्छ, वेगवान, गार आणि दिवसाची आहे. बर्थच नाहीत, त्यामुळे लोअरचा प्रश्न नाही, गुडघ्याचा नाही, आजींचाही नाही. आसनं ओळीनं मांडलेली, त्यामुळे समोर माणसाऐवजी समोरच्या खुर्चीची पाठ येते. जेवण प्रत्येकाला वेगळ्या तबकात मिळतं, म्हणजे ठेचाही नाही. लोक कानात बोंडं घालून बसतात आणि बारा तासांत शेजाऱ्याशी एकच वाक्य बोलतात, ‘‘जरा जाऊ देता का?’’ अनुशेषाचा विषय निघत नाही. कात्रजकर कात्रजकर म्हणून बसतो आणि कात्रजकर म्हणूनच उतरतो. घाईच्या माणसासाठी ही गाडी उत्तमच आहे, आणि ज्यांना पुण्याच्या सोसायटीतलं वातावरण प्रवासातही चुकवायचं नसेल, त्यांच्यासाठीही.

तेव्हा या दिवाळीत कात्रजहून विदर्भाकडे निघणार असाल तर वंदे भारतचं तिकीट खुशाल काढा. पण एक वेळ तरी महाराष्ट्र एक्स्प्रेसच्या स्लीपरनं जा. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, अर्जात लोअर बर्थच मागा. तो तुमच्याकडे राहणार नाही, पण बदल्यात द्यायला हातात काहीतरी असावं. डबा दोन माणसांचा जास्त घ्या, शेगावसाठी सुटे पैसे वेगळ्या खिशात ठेवा आणि नागपूर कराराच्या तारखा आदल्या रात्री एकदा वाचून ठेवा. आणि कुठले म्हणून विचारलं तर सरळ कात्रज सांगा. घाटाचा विनोद होणारच आहे, तो पुणे स्टेशन सोडायच्या आत उरकून घेतलेला बरा.